यायुक बासुकी : जगात १९ वी आणि मग एवढी वर्षं कोणीच का नाही?

मुक्ता_जकार्ता
इथे टेनिसचे धागे येतात ते बहुतेक फेडरर-नदाल-जोकोविचवर, नाहीतर सानिया, पेस, बोपण्णावर. म्हटलं ज्या देशात आपण राहतो त्या इंडोनेशियातल्या एका खेळाडूवर लिहावं. यायुक बासुकी. नव्वदच्या दशकात केबलवर विम्बल्डन बघणाऱ्यांना नाव आठवत असेल, बाकीच्यांसाठी सांगते.

जन्म १९७० चा, गाव योग्यकार्ता. १९८६ च्या सोल एशियाडमध्ये सुझाना विबोवोबरोबर महिला दुहेरीचं सुवर्ण, तेव्हा वय पंधरा! १९९० ला बीजिंगमध्ये हारी सुहारियादीबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण. ह्याच हारीशी पुढे लग्न झालं आणि तोच तिचा कोच. १९९१ मध्ये थायलंडमधल्या पटायाला पहिलं डब्ल्यूटीए (महिला टेनिसची जागतिक व्यावसायिक टूर) विजेतेपद, मग क्वालालंपूर, पुन्हा पटाया, जकार्ता दोनदा आणि बीजिंग अशी एकेरीची सहा. दुहेरीची नऊ. १९९७ ला विम्बल्डनच्या क्वार्टर फायनलमध्ये पोचली, तिथे याना नोव्होत्नाकडून ६-३, ६-३ हरली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एकेरीत जगात १९ वी. पुढच्या वर्षी दुहेरीत ९ वी. आणि १९९८ च्या डिसेंबरात बँकॉक एशियाडमध्ये एकेरीचं सुवर्ण.

आता २०२५ मध्ये इथलीच जॅनिस चेन चेन्नईची डब्ल्यूटीए स्पर्धा जिंकल्यापासून इथे परत टेनिसची चर्चा सुरू झालीये आणि प्रत्येक बातमीत यायुकचं नाव येतंय. माझं मत असं की यायुक घडली कारण तेव्हा घरच्या अंगणात स्पर्धा होत्या. जकार्ताला होती, सुराबायाला होती, नंतर बालीला आली. त्या बंद पडल्या आणि मुली दिसेनाशा झाल्या. तिची जिद्द, मेहनत सगळं मान्य, पण अशी कारकीर्द एकटीच्या जोरावर उभी राहत नाही असं मला मनापासून वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

बंड्या_सोलापूर
पहिला! नाव ऐकलं होतं, बाकी काही माहीत नव्हतं. वाचतोय.

शरद_देवधर
झकास विषय मुक्ता. मला ती चांगली आठवते. चणीने लहान, पण गवतावर खेळ काय खुलायचा! विम्बल्डनला १९९७ च्या आधीही ती चौथ्या फेरीत गेलेली आहे. लोक सहज म्हणतात की एकदा नशिबाने क्वार्टर फायनल झाली, तसं अजिबात नाही, ती बाई वर्षानुवर्षं दुसऱ्या आठवड्याच्या दारात उभी असायची. आणि नोव्होत्ना त्या वर्षी फायनलला गेली, पुढच्या वर्षी विम्बल्डन जिंकली. म्हणजे हरली ती काही ऐऱ्यागैऱ्या खेळाडूकडून नाही.

तुझ्या मुद्द्यावर सविस्तर लिहितो संध्याकाळी.

खडकवासला_एक्स्प्रेस
मुद्दाच पटला नाही. तुम्हीच दिलेली यादी बघा. सहा विजेतेपदं, त्यात घरची किती? जकार्ताची दोन. पटाया थायलंड, क्वालालंपूर मलेशिया, बीजिंग चीन. आणि विम्बल्डन कोणाच्या अंगणात आहे? माणसाचं कर्तृत्व असतं ते आपण व्यवस्थेच्या खात्यात का घालतो कळत नाही. पंधराव्या वर्षी एशियाडचं सुवर्ण मिळालं तेव्हा कुठे होत्या जकार्ताच्या डब्ल्यूटीए स्पर्धा?

मुक्ता_जकार्ता
@खडकवासला, सहाच्या सहा स्पर्धा आशियातल्या आहेत हे बघितलंत का? त्या काळी आशियात छोट्या-मध्यम डब्ल्यूटीए स्पर्धांची एक साखळीच होती. जकार्ताहून क्वालालंपूर म्हणजे दोन तासांचं विमान. युरोपात आठ-दहा आठवडे मुक्काम ठोकायची ऐपत नसलेल्या मुलीला घराजवळ गुण मिळवता यायचे, आणि त्या गुणांवर ग्रँड स्लॅमच्या मेन ड्रॉमध्ये, म्हणजे मुख्य स्पर्धेत, थेट प्रवेश. क्वालिफायिंगचे (पात्रता फेरीचे) तीन सामने खेळून दमून आत जाणं वेगळं आणि थेट आत जाणं वेगळं. अंगण म्हणजे मला फक्त जकार्ता नाही म्हणायचं, आजूबाजूचा परिसर धरूनच म्हणतेय.

खडकवासला_एक्स्प्रेस
हे जरा जास्त पटतंय. तरी पूर्ण नाही.

स्नेहल_ना_पाटील
मला टेनिसमधलं फार कळत नाही पण एक विचारते, १९ नंबर म्हणजे नक्की किती मोठं? आपल्या सानियाशी तुलना केली तर?

शरद_देवधर
स्नेहल, सानिया एकेरीत २००७ मध्ये २७ व्या क्रमांकापर्यंत गेली होती आणि एकेरीचं डब्ल्यूटीए विजेतेपद तिचं एकच, २००५ चं हैदराबाद. मनगट आणि गुडघ्याच्या दुखण्यांनी पुढे तिने एकेरी सोडली आणि दुहेरीत जगात पहिली झाली, तो भाग वेगळा आणि फार मोठा. पण नुसती एकेरी बघितली तर यायुक पुढे आहे. आग्नेय आशियात तिच्या तोडीची एकच, थायलंडची तामारिन तनासुगार्न. तीही बरोब्बर १९ व्या क्रमांकापर्यंत पोचली, २००२ मध्ये. आणि गंमत म्हणजे बँकॉक एशियाडची १९९८ ची फायनल ह्या दोघींचीच. तामारिनच्या घरी, तिच्या प्रेक्षकांसमोर यायुकने सुवर्ण नेलं.

आता सकाळच्या मुद्द्याकडे. घरच्या स्पर्धा बंद का पडल्या हे बघायला हवं. जकार्ताची स्पर्धा डॅनामन बँकेच्या नावाने चालायची, १९९३ पासून १९९७ पर्यंत. पुढच्या वर्षी तीच बँक सरकारला ताब्यात घ्यावी लागली. म्हणजे टेनिस संघटनेने काही ठरवून बंद केलं वगैरे नाही, खालची जमीनच सरकली.

विनय_कोषाध्यक्ष
माझा रोजचा विषय आला म्हणून लिहितो. जुलै १९९७ मध्ये एका डॉलरला साधारण २४०० रुपिया (इंडोनेशियाचं चलन) पडायचे. जानेवारी १९९८ मध्ये १०००० च्या पुढे गेले आणि वर्षाच्या मध्यात तर १६००० च्या आसपास. आता हे टेनिसमध्ये बसवून बघा. खेळाडूचा खर्च सगळा डॉलरमध्ये. विमान, हॉटेल, कोचची फी, रॅकेटच्या तारा बदलायचा खर्च, फिजिओ. आणि घरच्यांची कमाई रुपियात. बांडुंगमधल्या एखाद्या बापाने मुलीच्या वर्षभराच्या दौऱ्यासाठी बाजूला ठेवलेली रक्कम सहा महिन्यांत चौथाईसुद्धा राहिली नाही. पुढच्या स्पर्धांची तिकिटं कशी काढणार तो?

आणि तारखा जुळवून बघा. यायुक १९ व्या क्रमांकावर पोचली ऑक्टोबर १९९७ मध्ये, ऐन रुपिया घसरत असताना. मे १९९८ मध्ये जकार्तात दंगली, २१ मेला राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंचा राजीनामा. आणि डिसेंबरात ही बाई एशियाडचं सुवर्ण घेऊन येते. त्या वर्षी त्या देशाला आनंदाची बातमी म्हणून दुसरं काय होतं सांगा. मला तिच्या विम्बल्डनपेक्षा हे सुवर्ण मोठं वाटतं.

मुक्ता_जकार्ता
विनय, शेवटचं वाक्य वाचून अंगावर काटा आला. इथली माझ्या वयाची माणसं १९९८ बद्दल बोलायला लागली की आधी गप्प होतात आणि मग बोलतात तर थांबत नाहीत. क्रिसमोन म्हणतात ते त्या आर्थिक संकटाला. आमच्या इमारतीतल्या एक काकू त्या वर्षाची आठवण काढतात ती दुधाच्या पावडरीची, किंमत रोज बदलायची म्हणून दुकानदार लेबलच लावेना.

बंड्या_सोलापूर
बाप रे. टेनिसच्या धाग्यावर अर्थशास्त्राचा तास. पण भारी चाललंय, चालू ठेवा.

खडकवासला_एक्स्प्रेस
विनय, आकडे मान्य. पण मग अँजेलिक विजायाचं काय करायचं? १९८४ ची, बांडुंगचीच. म्हणजे संकट आलं तेव्हा ती बारा-तेरा वर्षांची, खर्च वाढायचं ऐन वय. आणि तीच मुलगी २००१ मध्ये विम्बल्डनची ज्युनियर चॅम्पियन, २००२ मध्ये फ्रेंचची ज्युनियर चॅम्पियन. तुमच्या हिशोबाने तर तिने रॅकेटच ठेवून द्यायला हवी होती. जिला खेळायचंय ती खेळतेच.

मुक्ता_जकार्ता
अहो पण अँजेलिकचंच उदाहरण माझ्या बाजूचं आहे! २००१ ची बालीची स्पर्धा आठवा. क्रमवारी किती होती तिची? ५७९! ह्या क्रमांकावर डब्ल्यूटीएच्या मेन ड्रॉमध्ये कोण घेतं? घरची स्पर्धा असते म्हणून वाइल्ड कार्ड, म्हणजे आयोजकांच्या मर्जीने थेट प्रवेश, मिळतं. सोळा वर्षांची पोर, मोठ्या टूरवरची पहिलीच स्पर्धा, आणि जिंकली की सरळ. फायनलमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या जोआनेट क्रूगरला हरवलं. इतक्या खालच्या क्रमांकाची खेळाडू डब्ल्यूटीए जिंकल्याचं दुसरं उदाहरण शोधायला गेलात तर हाती लागणार नाही. तीच स्पर्धा हॉलंडमध्ये असती तर तिला स्टेडियमचं तिकीट काढून आत जावं लागलं असतं.

खडकवासला_एक्स्प्रेस
वाइल्ड कार्ड दार उघडतं, पाच सामने जिंकून देत नाही.

मुक्ता_जकार्ता
दारच नसेल तर?

स्नेहल_ना_पाटील
तुमचं दोघांचं भांडण वाचायला पॉपकॉर्न आणलेत. पण अँजेलिकचं पुढे काय झालं? ५७९ वरून जिंकलेली मुलगी टॉप टेनमध्ये कशी नाही गेली?

शरद_देवधर
२००२ मध्ये पटाया जिंकली, २००३ मध्ये ५५ व्या क्रमांकापर्यंत गेली आणि मग दुखापती. २००८ मध्ये निवृत्ती, वय पंचवीससुद्धा नाही. दुहेरीत पहिल्या वीसात होती ती. मला तिच्याबद्दल नेहमी हळहळ वाटते. ज्युनियरमध्ये विम्बल्डन आणि फ्रेंच दोन्ही जिंकणं म्हणजे गवत आणि माती दोन्हीवर पाय स्थिर. असं कसब क्वचित बघायला मिळतं.

गोट्या_बालेवाडी
अवांतर पण मला लिहायलाच हवं. इंडोनेशियाचा टेनिसपटू म्हटलं की आम्हा पुणेकरांना एकच नाव आठवणार, क्रिस्टोफर रुंकात! फेब्रुवारी २०२०, बालेवाडी, टाटा ओपन महाराष्ट्र. पुरुष दुहेरीची फायनल, रुंकात आणि स्वीडनचा आंद्रे योरानसन विरुद्ध योनाथन एर्लिख आणि आंद्रेई वासिलेव्हस्की. पहिला सेट ६-२, दुसरा ३-६ गेला आणि मग तिसऱ्या सेटऐवजी मॅच टायब्रेक, १०-८! आम्ही वरच्या स्टँडमध्ये बसलो होतो. सगळे सुरुवातीला दुहेरी कोण बघतंय म्हणून भेळेच्या रांगेत, आणि टायब्रेकला अख्खा स्टँड उभा. रुंकात नेटवर इतका चपळ होता की समोरच्याने खाली पायाशी मारलेला बॉल तो अर्ध्या व्हॉलीने उचलून दोघांच्या मधून काढायचा. एकदा तर योरानसनला हाताने मागे थांब अशी खूण केली आणि स्वतः आडवा जाऊन पॉइंट संपवला. माझ्या शेजारच्या आजोबांनी विचारलं हा मुलगा मणिपूरचा आहे का. म्हटलं नाही आजोबा, जकार्ताचा. मग आजोबा पण त्याच्याच नावाने ओरडायला लागले.

मुक्ता_जकार्ता
गोट्या, हे मला माहीतच नव्हतं की कोणी इथलं बालेवाडीत बसून बघितलंय! रुंकात २००८ मध्ये फ्रेंच ओपनची ज्युनियर दुहेरीही जिंकलाय, फिनलंडच्या हेन्री कॉन्टिनेनबरोबर. आणि २०१८ च्या एशियाडमध्ये, म्हणजे जकार्ता-पालेम्बांगलाच, अल्दिला सुचिआदीबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण. टेनिस पालेम्बांगला होतं. त्या रात्री इथे चहाच्या टपरीवर टीव्हीसमोर गर्दी, एरवी ती गर्दी फक्त बॅडमिंटनला असते.

गोट्या_बालेवाडी
आणि आता तुमच्या मुद्द्याला धरून. बालेवाडीची स्पर्धा कुठे गेली? चेन्नईहून २०१८ मध्ये पुण्यात आली, २०२३ ला शेवटची झाली आणि तो आठवडा हाँगकाँगला गेला. आमच्या क्लबातली पोरं तिथे बॉल बॉय म्हणून जायची, जगातल्या पन्नासाव्या-साठाव्या नंबरच्या माणसाला तीन फुटांवरून सर्व्हिस मारताना बघायची. बालेवाडीच्या बाहेरच्या कोर्टवर सकाळी सरावाला कोण येणार ह्याची यादी ती पोरं पाठ करायची. ते बंद झालं. मुक्ता, म्हणून मला तुझं म्हणणं शंभर टक्के पटतं.

विनय_कोषाध्यक्ष
बालीचंही तेच झालं. २००९ ते २०११ तिथे वर्षअखेरची टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्स व्हायची, इव्हानोविच दोनदा जिंकली. २०१२ ला ती सोफियाला गेली. स्पर्धा पैशाच्या मागे फिरतात आणि त्यात चूक काही नाही, पण जाताना मागे काय राहतं हे कोणी मोजत नाही.

अबोली_मेलबर्न
अल्दिला सुचिआदीचा विषय निघालाय तर २०२३ ची फ्रेंच ओपन कोणी विसरू नका. ती आणि जपानची मियु काटो दुहेरीच्या तिसऱ्या फेरीत खेळत होत्या. पॉइंट संपल्यावर काटोने बॉल दुसऱ्या बाजूला मारला, तो बॉल गर्लला लागला, ती रडायला लागली. आधी पंचांनी ताकीद दिली, मग समोरच्या जोडीने पंचांशी बोलणं सुरू केलं आणि शेवटी दोघींना बाद केलं. अल्दिलाने काय केलं होतं? काहीच नाही! ती नुसती कोर्टवर उभी होती. मी त्या दिवशी इतकी चिडले होते की रात्री झोप नाही. 

आणि कळस म्हणजे पुढे मिश्र दुहेरीच्या सेमीफायनलमध्ये समोरासमोर कोण, तर काटो-प्युट्झ आणि अल्दिला-मिडलकूप. काटो जिंकली आणि मग स्पर्धाही जिंकली.

शरद_देवधर
अबोली, नियम म्हणून बघितलं तर दुहेरीत एकाची शिक्षा दोघांना, जोडी एकच धरतात. पण दुखापत करायचा हेतू नव्हता हे लहान मूलही सांगेल. तो निर्णय मलाही अन्यायाचाच वाटला.

सदानंद_कणकवली
बॅडमिंटन विसरताय सगळे. सुसी सुसांती आणि अॅलन बुदिकुसुमा, १९९२ बार्सिलोना, एकाच ऑलिम्पिकमध्ये दोघांची एकेरीची सुवर्णं. तिथल्या पोराच्या हातात रॅकेट द्यायची तर बॅडमिंटनचीच देणार ना. गल्लीत दोन झाडांना दोरी बांधली की कोर्ट तयार. टेनिसला कोर्ट लागतं, बॉलचे डबे लागतात, सरावाला बरोबरीचा जोडीदार लागतो. अशा देशात यायुक टॉप ट्वेंटीत गेली हे मला क्रिकेटवेड्या भारतातून विश्वनाथन आनंद निघण्यासारखं वाटतं.

खडकवासला_एक्स्प्रेस
सदानंदभाऊ माझ्या बाजूला! बघा, आनंदसाठी तरी कुठे होतं अंगण.

सदानंद_कणकवली
मी कोणाच्याच बाजूला नाही रे बाबा, मासे आणायला चाललोय.

पल्लवी_ऑस्टिन
जॅनिस चेनबद्दल अजून कोणी नीट लिहिलं नाही म्हणून लिहिते, मी अमेरिकेतलं कॉलेज टेनिस बरीच वर्षं आवडीने बघतेय. जॅनिस २००२ ची, म्हणजे अँजेलिकने पटाया जिंकलं त्याच वर्षी जन्मलेली. ती आधी ओरेगॉनला आणि मग पेपरडाइनला खेळली, २०२४ मध्ये तिथून बाहेर पडून पूर्ण वेळ व्यावसायिक झाली. २०२५ च्या यूएस ओपनला क्वालिफायिंगमधून आली आणि पहिल्याच फेरीत २४ व्या मानांकित व्हेरोनिका कुडेरमेटोव्हाला ६-४, ४-६, ६-४ हरवलं. इंडोनेशियाच्या मुलीने ग्रँड स्लॅम एकेरीत सामना जिंकण्याची २००३ नंतरची पहिलीच वेळ. पुढच्या फेरीत राडुकानूकडून सरळ हरली, पण सप्टेंबरात साओ पावलोला फायनल आणि मग चेन्नई.

विनयने डॉलरचा हिशोब मांडला ना, कॉलेज टेनिस हे त्याचं उत्तर आहे. स्कॉलरशिप असेल तर राहणं, खाणं, कोच, फिजिओ, जिम, दर आठवड्याला चांगले सामने, सगळं युनिव्हर्सिटीच्या खर्चाने, आणि वर डिग्री. चार वर्षं घरच्यांच्या खिशाला फार चाट नाही. अल्दिला पण केंटकीला होती. आपली ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमला, आणि मग २०२३ ला हांगझोऊ एशियाडमध्ये बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण. म्हणजे मुक्ता, अंगण अजून आहे, फक्त ते अमेरिकेत सरकलंय.

मुक्ता_जकार्ता
पल्लवी, हे फारच छान मांडलंस. यायुकच्या वेळी हा रस्ता इथल्या मुलींना कुठे माहीत होता, ती १९९० मध्ये सरळ प्रोफेशनल झाली.

चेन्नैचा_चंदू
मी चेन्नईची फायनल बघितली, नुंगमबाक्कमच्या स्टेडियममध्ये बसून. आधीच्या दिवसांत पावसाने वेळापत्रकाचा बोऱ्या वाजला होता. फायनल ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली बिरेलशी, ६-४, ६-३. घामाने खेळाडूंचे शर्ट दुसऱ्या गेमलाच अंगाला चिकटलेले. जॅनिसचा फोरहँड जड आहे हे सगळे लिहितात, पण मला भुरळ पाडली ती तिच्या बॅकहँड स्लाइसने. बॉल पडला की वर येतच नाही. बिरेल गुडघ्यात वाकून, जवळजवळ जमिनीवर बसून तो उचलायची, बॉल नेटच्या वर तरंगत यायचा आणि जॅनिस तोवर फोरहँडच्या बाजूला सरकून उभी. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा, पण घाई नाही. हल्लीच्या मुली दोन्ही बाजूंनी नुसत्या ठोकतात, त्यात हे बघून डोळे निवले. माझ्या मागे इंडोनेशियाचा झेंडा घेऊन काही मंडळी होती, प्रत्येक पॉइंटला उठून उभी राहत होती आणि शेवटी रडत होती. २००२ नंतर एकेरीचं पहिलं विजेतेपद म्हटल्यावर रडणारच.

शरद_देवधर
चंदू, हेवा वाटला तुझा. आणि हा स्लाइसवाला खेळ गवतावर पुढे फार कामाला येणार बघ. बॉल आधीच खाली राहतो तिथे, त्यात स्लाइस म्हणजे समोरच्याचा जीव जातो. यायुकच्या नंतर विम्बल्डनला परत एखादी इंडोनेशियन मुलगी दुसऱ्या आठवड्यात बघायला मिळाली तर मी पेढे वाटीन.

बंड्या_सोलापूर
काका पेढ्यांचं लक्षात ठेवतोय.

अबोली_मेलबर्न
एक गोष्ट कोणीच बोललं नाही. यायुकला १९९९ मध्ये मुलगा झाला आणि २००० मध्ये ती परत कोर्टवर. तेव्हा आजच्यासारखे बाळंतपणाच्या रजेचे नियम, क्रमवारी राखून ठेवायच्या सवलती इतक्या कुठे होत्या. आणि २००८ मध्ये, वय ३७, ती परत दुहेरी खेळायला आली. बायकांनी तिशीत रॅकेट खाली ठेवायची हे गृहीत धरायचे दिवस होते ते. तिच्या कारकिर्दीतला मला सगळ्यात आवडणारा भाग हाच आहे. खासदारही झाली नंतर, २०१४ ते २०१९.

स्नेहल_ना_पाटील
अबोलीताई, +१०००. हे मूळ लेखात हवं होतं.

खडकवासला_एक्स्प्रेस
दोन दिवस विचार करून लिहितोय. स्पर्धा, वाइल्ड कार्ड, कॉलेज, डॉलर, हे सगळं पटलं आणि गोट्याचं बालेवाडीचं तर मनाला लागलं, मी स्वतः तिथे मुलीला घेऊन जायचो. पण मुक्ताताई, एक प्रश्न तसाच राहतो. जकार्ताची स्पर्धा पाच वर्षं झाली, बालीलाही वर्षानुवर्षं झाल्या, तिथे वाइल्ड कार्ड मिळालेल्या इंडोनेशियन मुली बऱ्याच असणार. १९ वी एकच झाली. अंगण सगळ्यांना सारखं होतं.

मुक्ता_जकार्ता
मान्य. आणि म्हणूनच यायुकवर धागा काढला, स्पर्धेच्या आयोजकांवर नाही :) पण अंगण होतं तेव्हा यायुकनंतर चार वर्षांत अँजेलिक मिळाली. अंगण गेलं आणि तिच्या २००२ च्या विजेतेपदानंतर एकेरीच्या पुढच्या विजेतेपदाला तेवीस वर्षं लागली. टामी ग्रेंडे २०१४ मध्ये विम्बल्डनची ज्युनियर दुहेरी जिंकली, प्रिस्का नुग्रोहो २०२० मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनची ज्युनियर दुहेरी जिंकली, फिलिपिन्सच्या अॅलेक्स इआलाबरोबर. म्हणजे मुली मधल्या काळातही होत्या. ज्युनियरमधून मोठ्या टूरवर चढायची जी पायरी आहे, १८ ते २२ वय, नेमकी तिथे त्यांना घराजवळ खेळायला काही नव्हतं. एकटी १९ वी यायुक कर्तृत्वाने झाली, पण तिच्या मागे पन्नासावी, ऐंशीवी, शंभरावी का नाही, हे विचारायला मला संघटनेच्याच दारात जावं लागणार.

खडकवासला_एक्स्प्रेस
ह्या शेवटच्या वाक्यावर हात मिळवायला तयार आहे. बाकी जॅनिस टॉप ट्वेंटीत गेली तर परत येतो भांडायला.

चेन्नैचा_चंदू
तोवर कोणी यायुकच्या १९९७ च्या विम्बल्डनचे सामने कुठे बघायला मिळतील ते सांगा. नोव्होत्नाविरुद्धचा तरी पूर्ण बघायचाय.